पंपावर बसलेला खडू

हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच हवं, हात ओले आहेत तरी टाइप करतेय! माझ्या नव्या समुद्री अ‍ॅक्वेरियममध्ये पांढरा भुगा पडतोय. त्यातल्या पोवळ्याला सांगाडा बांधायला कॅल्शियम लागतं आणि अल्कलिनिटीही, म्हणजे पाण्यातले कार्बोनेट क्षार. पाण्याच्या टेस्टमध्ये दोन्हींचे आकडे कमी दिसले म्हणून मी घाईघाईत दोन्ही बाटल्या एकापाठोपाठ ओतल्या, आणि पाण्यातच दोन्हींचा मिळून खडू झाला. तो पंपावर बसलाय, काचेवर बसलाय. पोवळं मात्र कालपेक्षा जास्त मिटलंय, कडेनं फिकट पडत चाललंय.

आई गुडघा चोळत शेजारी बसली. "एवढं कॅल्शियम मला घातलं असतंस, तर जिना तरी चढले असते."

"गोळ्या घेतेस की तू."

"घेते ना. कुठे जातात कोण जाणे."

मी हसले, आणि मग हसूच येईना. आपण भरभरून देतो आणि ते वाटेतच दगड होऊन बसतं, ज्याला हवं त्याच्यापर्यंत पोचतच नाही. पुन्हा टेस्ट केली तर दोन्ही आकडे आधीपेक्षा खाली. आता पोवळं वाचेल असं वाटत नाही.

भुगा अजून सावकाश उतरतोय. "दिसतंय छान हं," आई म्हणाली.

तुमचंही झालंय का कधी असं?