बारा वर्षं मोजायची कुठून

माझा धाकटा चुलता खळ्यावरून उठून गेला, तो गेलाच. भर दुपारची वेळ, ज्वारीची मळणी चाललेली. तांब्या घेऊन ओढ्याकडं जातो म्हणाला. तांब्या काठावर सापडला, माणूस नाही.

डोकं त्याचं आधीच फिरलेलं होतं, खोटं कशाला बोलू? विहिरीत कुणीतरी विष कालवतंय म्हणून दिवसदिवस पाणी प्यायचा नाही. काकूला मारायचा, अन् मग तिच्याच पदरात तोंड घालून रडायचा. दर जुम्मेरातीला आजोबा त्याला दर्ग्यात नेऊन बसवायचे. तिथं तेवढा निवांत असायचा.

साऱ्या विहिरींत गळ टाकले. ठाण्याचे अमीनसाहेब आले, उर्दूत काहीबाही लिहून घेतलं, आमच्या कोंबड्या खाल्ल्या आणि गेले. निजामाच्या राज्यात आमच्यासारख्यांची एवढी चौकशी झाली, हेच लई झालं.

काकू तेव्हा विशीची असेल. मूलबाळ नव्हतं. आमच्यात नवरा मेला तर बाईचा पाट लावून देत. पण हिचा नवरा मेला की जिता आहे, हे सांगणार कोण? अशात तिचा भाऊ घाटनांदूरचं स्थळ घेऊन आला. बायको मेलेली, पदरात दोन लेकरं. काकूनं त्याला जत्रेत गर्दीआडून बघितलं होतं. मी एवढीशी पोर, पण जात्यावर बसल्या बसल्या तिनं मलाच सांगितलं, "लेकरांशी हळू बोलतो गं."

पंच बसले. बारा वर्षं काहीच खबर आली नाही, तर पळसाच्या पानांचा माणूस करून जाळायचा, मग ही मोकळी, असं ठरलं. काकू थांबायला तयार झाली. घाटनांदूरचा माणूसही थांबतो म्हणाला.

अन् मग लोकांची मेहेरबानी सुरू झाली. कुणी चुलत्याला परळीच्या जत्रेत बघितलेलं, कुणी गंगेच्या घाटावर. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून सांगायचे, गूळ-पाणी घ्यायचे आणि चालायला लागायचे. प्रत्येक खबरीला आजोबा पंचांकडं जायचे आणि म्हणायचे, आता बारा वर्षं आजपासून धरा. मुडदा बशिवला त्या सांगणाऱ्यांचा!

एकदा दिंद्रुडच्या बाजाराहून एक घोंगडीवाला आला. तुमचा लेक बैराग्यांत बसलेला बघितला म्हणाला. काकूनं सासऱ्यासमोर कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी ती दाराआडून पुढं आली आणि त्याचे डोळे कसे होते ते विचारलं. दोन्ही चांगले होते की, तो म्हणाला. चुलत्याच्या डाव्या डोळ्यात फूल पडलेलं, हे साऱ्या गावाला ठाऊक.

काकू सासऱ्याला म्हणाली, "मामा, ह्यो दुसराच कुणी हाय."

आजोबा तिच्याकडं न बघता म्हणाले, "देवानं डोळा दिला आसंल."

झालं, मोजणी परत पहिल्यापासून. मला त्या म्हाताऱ्याचा राग अजून येतो. त्याचा लेक गेला, त्याचं काळीज तुटलं, सगळं कबूल. पण दुसऱ्याची लेक त्यानं दावणीला बांधून ठेवली.

घाटनांदूरच्या माणसानं काही सालं वाट बघितली. शेवटी लेकरांचे हाल बघवेनात, त्यानं दुसरीशी पाट लावला. कळलं त्या दिवशी काकूनं साऱ्या घराच्या भाकरी थापल्या, वाढल्या आणि स्वतः चुलीपुढंच बसून राहिली. तिला जेव म्हणायला कुणी गेलं नाही.

पुढं पटकीची साथ आली, तीत ती गेली. बायकांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं, हिरवा चुडा भरला, कपाळभर मळवट भरला. भाग्याची गं, कुंकू घेऊन गेली, म्हणत एकेक जण पाया पडत होती. आईनं मला पुढं ढकललं आणि असंच मरण मागून घे म्हणाली. मी पाया पडले. मागितलं काहीच नाही, माझ्या अंगाचा नुसता संताप होत होता.

आजोबा दारात बसले होते. पहिल्यांदाच सुनेसाठी त्यांचे डोळे भरले असं मला वाटलं, म्हणून मी जवळ गेले.

ते म्हणाले, "माझा लेक आला की त्याला आता काय सांगू?"