तलावावरचं छत

विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत सगळे तिला तडेबाई म्हणत. धातूला तडा का जातो, हाच तिच्या संशोधनाचा विषय. नवरा चारचौघांत थट्टा करी, "घरात कप फुटला तरी आमची बाई आधी कारण शोधते, मग झाडू."

तो एका बंदिस्त तलावावर पोहणं शिकवायचा. एकदा घरी आल्यावर त्याने खिशातून सळईचा तुकडा काढला. "छतातून पडला. तुझ्या कामाचा आहे का बघ."

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत तिने तो कापला, घासून आरशासारखा केला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. स्टेनलेस स्टीलच्या आत झाडाच्या मुळ्यांसारखे तडे पसरले होते. पाण्यातल्या क्लोरीनची वाफ वर चढून सळई आतून पोखरत होती, आणि अशाच सळयांवर अख्खं छत लटकत होतं.

तिने नवऱ्याला फोन लावला. "पोरांना बाहेर काढ."

"अगं, स्पर्धा तोंडावर आलीय. आणि सळया कशा लखलखीत आहेत, गंजाचा ठिपका नाही!"

"गंज दिसला असता तर बरं झालं असतं रे!"

त्याने हसण्यावारी नेलं. ती अंगातला पांढरा कोट न काढताच तलावावर धावली. पोरं पाण्यात दंगा करत होती. तेवढ्यात वरून 'टक्' असा आवाज आला, नख मोडल्यासारखा. तिने नवऱ्याच्या गळ्यातली शिट्टी ओढली आणि फुंकली.

पोरं कुरकुरत निघाली. छत मात्र जागचं हललं नाही. व्यवस्थापक म्हणाला, "बाई, पुस्तकं वाचून छत पडत नसतं." पालकांचे टोमणे नवऱ्याने ऐकले; घरात तो तिच्याशी कामापुरतं बोलू लागला. आपण राईचा पर्वत तर नाही ना केला, असं तिलाही वाटायचं. विद्यापीठातले तिचे विभागप्रमुख पाठीशी उभे राहिले, म्हणून तपासणी होईपर्यंत तलावाला लावलेलं कुलूप टिकलं.

तपासणीची माणसं यायच्या आतच, भर दुपारी छत कोसळलं. दोघं दारात जाऊन उभी राहिली. पाणी दिसतच नव्हतं. नवऱ्याने घड्याळ पाहिलं. "या वेळी लहानगी असतात," एवढंच म्हणाला.

व्यवस्थापक मान खाली घालून पुढे आला. "याच ठेकेदाराने शेजारच्या गावातही तलाव बांधलाय."

तिने तिथला नंबर घेतला आणि उभ्या उभ्या फोन लावला. बराच वेळ घंटी वाजत राहिली. शेवटी एका बाईने उचलला.

"जरा मोठ्याने बोला," ती म्हणाली, "इथे पोरांचा फार गलका आहे."