नातीनं डोकं भादरलं तेव्हा

नात कोल्हापुरात नोकरी करते. दिवाळीनंतर ती गावी आली आणि सोप्यात बसून डोक्यावरची ओढणी काढली. डोकं गुळगुळीत. सूनबाई ओरडली, लेक हसला. मी मात्र त्या डोक्याकडं बघतच राहिलो.

आम्ही जैन. आमच्यात पोरीचं असं डोकं दिसलं की म्हाताऱ्या माणसाच्या मनात एकच येतं. माझी थोरली बहीण, अक्का, मी दहा वर्षांचा असताना दीक्षा घेऊन गेली. नवरीसारखी नटवून मिरवणूक काढली, मग मांडवात सगळ्यांदेखत केस हातानं उपटले. तिनं हूं केलं न्हाय. घराण्याचं नाव झालं. मला त्याचा अभिमान होता, अजून हाय. पण त्या दिवसापासून तिला अक्का म्हणायचं न्हाय, माताजी म्हणायचं. पुढं एकदा ती चालत आमच्या गावावरनं गेली. मी पाया पडलो. सगळ्यांना दिला तसाच आशीर्वाद मला दिला आणि पुढं निघाली. मी उसात जाऊन रडलो. हे कुणाला सांगितलेलं न्हाय.

आता नात. दोन दिवस बघत होतो. बोलायची तर नुसती कुजबुज. विचारलं की गळ्याला हात लावून म्हणायची, "घसा बसलाय." मी मनात म्हटलं, मौन धरलंय पोरीनं. जाताना हळूच म्हणाली, "आज्जा, रविवारी दुपारी कोल्हापूरला या. घरात कुणाला सांगितलं न्हाय. तुम्हीच पहिल्यांदा बघा."

मग खात्रीच झाली. रविवारी धुतलेलं धोतर नेसलो, पिशवीत नारळ घेतला आणि गडहिंग्लजहून एस.टी. धरली. दीक्षा देणाऱ्या महाराजांच्या पुढं नारळ ठेवायचा आणि हात जोडून सांगायचं, एक दिली, ही देणार न्हाय. चौथी शिकलेला माणूस मी, पण वाटभर हेच पाठ केलं.

तिनं दिलेला पत्ता एका हॉलचा निघाला. महाराज न्हाईत, मांडव न्हाय. दारात नाकात बाळी घातलेला एकजण म्हणाला, "आजोबा, मागं बसा. पुढं कान जातील."

"माझे कान हायेत. मी बघतो," म्हटलं आणि पहिल्याच रांगेत बसलो.

नात स्टेजवर आली आणि अशी ओरडली की माझ्या मांडीवरचा नारळ हालला. मागं ड्रम, गिटार, नुसता दणका. देवाच्या नावावर मतं मागणाऱ्यांना, गल्लीगल्लीत भांडणं लावणाऱ्यांना ती गाण्यात झोडपत होती. मधेच बोट रोखून म्हणाली, "अहिंसा म्हंजे गप्प बसणं न्हवं!" मी गावच्या बैठकीत त्याच नावाखाली किती वर्षं गप्प बसलोय. राग यायला पाहिजे होता. पण मी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होतो. पोरगी कुठं जात नव्हती.

नंतर बाहेर पायरीवर आली. घसा पुन्हा गेलेला.

"पंक म्हणतात ह्याला, आज्जा. कसं वाटलं?"

"बोंबलणं म्हणतात आमच्यात."

"आणि नारळ कशाला आणला?"

सांगायचं नव्हतं, पण सांगून टाकलं. अक्काचंही सांगितलं, उसातलंही. आधी ती हसून हसून वाकली. मग हसायची थांबली आणि माझा हात धरला.

"अक्काआज्जीचा आवाज कसा होता ओ?"

हे मला कुणी विचारलंच नव्हतं. तिचा त्याग सगळ्यांना माहीत, आवाज कुणालाच न्हाय. जोंधळ्याच्या राखणीला शेतातल्या माळ्यावर उभी राहून अक्का पाखरं हाकलायची, ते मी सांगितलं. एवढ्यावर भागेना म्हणून तशी हाळी घालून दाखवली. रस्त्यावरचा रिक्षावाला वळून बघायला लागला.

"आज्जा, पुढच्या वेळी स्टेजवर या."

"गप बस. आन् ते केस कधी वाढवणार हायस?"

तिनं डोक्यावरनं हात फिरवला. "बघू."

बघू म्हणाली. त्या एका बघूवर मी गडहिंग्लजपर्यंत खुशीत बसून आलो.