सेनापतींच्या मार्कशीटमध्ये जेवणाचा रकाना

कोपरच्या एका सोसायटीत व्याख्यान होतं : ‘बाजीराव, नेपोलियन, हॅनिबल - श्रेष्ठ कोण?’ कॉलेजात इतिहास शिकवणारे ऋतुराज सर पडद्यावर तक्ता लावून शौर्य, वेग, डावपेच यांना दहापैकी मार्क देत होते.

तिसऱ्या रांगेतून दगडू सकपाळ उठले. पलटणीत सतरा वर्षं आचारी होते.

“सर, जेवणाचा रकाना कुठाय?”

बायको मालनने सदरा ओढला. “अहो, बसा खाली!”

लोक हसले. सरांनी गमतीत माइक पुढे केला. दगडूंनी तो खरंच घेतला.

“नेपोलियन रशियात गेला लाखोंनी आणि परत येताना घोडे खाल्ले. दोन मार्क. हॅनिबल पंधरा वर्षं दुसऱ्याच्या शेतावर जेवला, रोम काही हाती लागलं नाही. चार. बाजीराव हलका फिरायचा, मागे स्वयंपाकाचं लटांबर नाही. आठ. पानिपतात भाऊंनी पोरांना उपाशी ठेवून लढवलं. एक.”

सोसायटीचे सेक्रेटरी धनेश पाटील ताडकन उभे राहिले. “पानिपतावर जपून बोला, काका!”

“जपूनच बोलतोय. उपाशी लढले त्यांना सलाम. मार्क सेनापतीचे कापतोय.”

गलका झाला. सर मात्र खरंच उत्सुक होऊन म्हणाले, “मग दहापैकी दहा कोणाला?”

दगडूंनी माइक तोंडाजवळ धरला. “बर्फातली चौकी होती आमची. नऊ दिवस रसद आली नाही. मी खिचडी पातळ करत गेलो. कॅप्टनसाहेब रोज शेवटी यायचे, आधी विचारायचे, ‘सगळे जेवले?’ नवव्या दिवशी पातेल्यात काहीच उरलं नव्हतं. मी खोटं बोललो, ‘तुमचं झाकून ठेवलंय.’ ते झाकण उघडून हसले आणि गरम पाणी प्यायले. पुढे बढतीही नाही मिळाली त्यांना. तुमच्या तक्त्यात कुठून येणार?”

मालनने सदरा सोडला. सरांनी तक्त्यात नवा रकाना टाकला, पण बाजीरावाला नऊ दिले, म्हणून दगडू पुन्हा भांडले.

धनेश पाटील आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. पुढल्या वर्षीच्या व्याख्यानाआधी मात्र स्वतः दार वाजवत आले. “काका, वक्ता ठरलाय. दीडशे माणसांचा पुलाव जमेल?”

“जमेल की,” दगडू म्हणाले. “वक्त्याला आधी जेवायला पाठवा. उपाशी माणूस फार बोलतो.”