देशमुखांचा त्रिफळा आणि कारभाऱ्याचं पोट

"वैद्यबुवा, तुमचं औषध म्हंजी निस्ती माती हाय," देशमुख लोडाला टेकून म्हणाले. पोट दोन्ही हातांनी धरलेलं. "परभणीहून जिल्ह्याचे तालुकदारसाहेब दौऱ्यावर यायलेत. पंगतीत त्यांच्या शेजारी मला बसायचंय. तवर पोट हलकं झालं न्हाई, तर खलबत्ता उचला अन् मानवतचा रस्ता धरा."

माझा दवाखाना त्यांच्याच जागेत, बिऱ्हाड मागच्या खोलीत. निजामाच्या राज्यात देशमुख जा म्हणाला की जायचं. दाद मागायची कुणाकडं?

मी देत होतो साधा त्रिफळा. हिरडा, बेहडा आणि आवळा, तिन्हींचं चूर्ण. निजताना कोमट पाण्यासोबत घ्यायचं. कोठा साफ होतो, भूक लागते, अंगात तरतरी येते. चव तेवढी तुरट, जीभ आखडते. औषध ज्याच्यासोबत घ्यायचं त्याला आम्ही अनुपान म्हणतो. मला वाटलं, अनुपान चुकत असेल. पाण्याऐवजी तूप सांगितलं, मग मध. पोट आपलं नगाऱ्यासारखं तसंच.

इकडं त्यांचे कारभारी नागोराव मात्र रोज टवटवीत दिसायला लागले. पहिले काठी टेकत यायचे. आता सकाळी तांब्या घेऊन माझ्या दारावरून जायचे ते गुणगुणत.

एकदा मला राहवलं नाही. "काय घेता हो नागोराव?"

"तुमचाच त्रिफळा की. मालकाच्या वाटचा. लय तुरट हाय, पण चाकरी म्हनल्यावर घ्यावं लागतंय."

मी कपाळाला हात लावला. त्या घरची रीतच तशी. कचेरीत मुखत्यार जायचा, एकादशी भटजी धरायचे, नवसाला अनवाणी गडी चालायचा, आणि पुण्य मालकाला. औषध तेवढं स्वतः घ्यायचं असतं, हे कुणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

तडक देशमुखांकडं गेलो.

"औषध तुमीच घ्यायला पायजे, मालक."

"का म्हून? माझ्याऐवजी दुसरा सरकारला चालतोय, देवाला चालतोय. तुमच्या हिरड्यालाच काय धाड भरली?"

असा संताप आला की बत्ताच हाणावा. पण बायकोलेकरं डोळ्यांपुढं आली. मी म्हणालो, "बरं, राहू द्या. पण आमचं शास्त्र हाय, ज्याच्या पोटात औषध त्याच्याच पोटात जेवण. साहेबांच्या शेजारी नागोराव बसतील. पुरणपोळी ते खातील. साहेबांशी बोलतीलबी तेच."

नागोराव दारातच उभे होते. म्हणाले, "माझी काई हरकत न्हाई. फेटा कोन्ता बांधू?"

देशमुखांनी एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "आणा इकडं ते," म्हणाले, आणि नाक दाबून चूर्ण गिळलं.

पंगतीपर्यंत पोट उतरलं. देशमुख साहेबांच्या शेजारी बसले, पुरणपोळी मागून मागून खाल्ली. माझा खलबत्ता जागेवर राहिला.

नागोरावांचा त्रिफळा मात्र सुटला. पंगतीचं जेवण बाधलं, पोट तटलं. औषध न्यायला त्यांनी गड्याला पाठवलं. पुडी देता देता मी हात आखडला.

"घेणार कोण?"

गडी खाली बघत म्हणाला, "मलाच घ्यायला सांगितलंय."

तेव्हापासून मी कुणाच्या घरी पुडी धाडली नाही. रोगी समोर बसवतो, पाणी देतो, आणि गिळलं की तोंड उघडायला लावतो. नाडी त्याच्यानंतर.