पुलावरचं मीठ

पुलावर जीप सरकली तेव्हा प्रेमसिंगनं घाबरून ब्रेक दाबला नाही. चाक हळूच वळवून बघितलं. उपयोग झाला नाही, खाली काचेसारखा बर्फ. कठडा मोडून आम्ही थेट नदीच्या दगडांवर... गाडीत दोघंच होतो, प्रेमसिंग ड्रायव्हर आणि शेजारी मी.

माझा धाकटा भाऊ हरी गेला, त्याला महिना झाला. पेपरच्या पुरवणीवाले म्हणाले, त्याच्याबद्दल चार चांगल्या गोष्टी लिहा. चौथी शिकलेय, जमेल तसं लिहिते, पण चांगल्याच लिहीन असं नाही.

आमचे वडील भाईंदरच्या मिठागरात राबले. हरी लांब हिमाचलात रस्त्याच्या कामावर मुकादम झाला आणि बर्फ दाखवायला म्हणून हट्टानं मला बोलावून घेतलं. पुलाला खालूनही वारा लागतो, म्हणून तो रस्त्याच्या आधी गोठतो. गाड्या सोडण्याआधी त्यावर रेती टाकायची, कडाक्याच्या थंडीत मीठ टाकायचं नाही, असा साहेबांचा हुकूम होता. पण हा ऐकतोय कसला! "मिठागरवाल्याच्या पोराला मीठ शिकवतात," म्हणाला आणि सकाळी पोती रिकामी केली. दुपारच्या उन्हात बर्फाचं पाणी झालं. ऊन डोंगराआड गेलं आणि तेच पाणी पुन्हा गोठलं. त्यावर आमची जीप आली.

चौकशीत लिहिलं गेलं, ड्रायव्हर वेगात होता. हरी गप्प बसला. त्याची नोकरी जाईल म्हणून मीही गप्प बसले.

निवृत्त होऊन तो इकडे भाईंदरजवळ हाटकेशला आमच्या शेजारी राहायला आला. पावसाळ्यात सोसायटीच्या शेवाळलेल्या उतारावर रेती टाकत बसायचा. वॉचमन ओरडायचा, "चाचा, गटर चोक होता है!" ती रेती पायांना लागून घरभर व्हायची. झाडून झाडून मी वैतागायचे.

"रेती कसली टाकतोस? प्रेमसिंगच्या घरी पत्र टाक."

"उद्या टाकतो, बाय."

"तुझा उद्या कधी उजाडणार हाय?"

"रागवू नको गं... चहा ठेव."

आणि मी चहा ठेवायचे. अशी किती वर्षं गेली.

शेवटी हॉस्पिटलात हात धरून म्हणाला, "बाय, तूच लिव." जाता जाताही काम माझ्याच गळ्यात!

तर लिहिते. जीप वेगात नव्हती. पुलावर मीठ हरीनं टाकलं होतं. प्रेमसिंग तिथेच गेला. मी वाचले.