चौपदरी धोतरातून

गंगामावशी गेल्याचं मधुकरचं पोस्टकार्ड आलं. खाली त्याने लिहिलं होतं, ‘तेरवीला ये. दारूचं कुठं काढू नको.’ मधुकर तिचा एकुलता एक मुलगा, आता मास्तर. त्याला लाज वाटते. मला वाटत नाही, म्हणून इथे काढते आहे.

नवऱ्याने टाकलं तेव्हा मला संग्रामपूरजवळच्या तिच्या घरानेच ठेवून घेतलं. मोहाची फुलं रांजणात आंबवून ते पाणी भट्टीवर चढवणं कुणालाही जमतं. पण त्यासोबत फुलांचा चोथा हंड्यात गेला, की तळाला लागतो आणि दारूला करपट वास येतो. मावशी काकांचं जुनं धोतर चौपदरी करून पाणी दोनदा गाळायची, पिळायची मात्र नाही. “पिळलं का बारीक चोथा खाली उतरते,” म्हणायची. दारूबंदीवाले येऊन रांजण फोडून जायचे… दुसऱ्या दिवशी ही नवा आणायची.

एकदा मी शहाणपणा केला. धोतर कळकट दिसलं म्हणून साबणाने धुतलं आणि त्यातूनच पाणी गाळलं. पाटलांच्या मुलीची हळद दुसऱ्या दिवशी होती, माल तिच्यासाठीच होता. पहिली धार तळहातावर घेऊन मावशीने वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि सगळा माल उकिरड्यावर नेऊन ओतला. पाटील दारातच उभे होते.

“काऊन सांडून राह्यली, गंगाबाई? पेनाऱ्याले का समजते?”

“मले समजते ना, पाटील.”

पाटलांनी तीन महिने बोलणं टाकलं. मग आले ते तिच्याच दारात. मला ती एका शब्दाने बोलली नाही, त्याचंच मला जास्त लागलं.

तेरवीत सगळ्यांनी तिला भजनी, सोशिक ठरवून टाकलं. माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी मृत्यूची नोंद करायला मधुकरबरोबर ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवकाने धंदा विचारला.

“घरकाम,” मधुकर म्हणाला.

“दारू गाळनं,” मी म्हणाले. “त्याच्यावरच हा मास्तर झाला.”

“बाई, सरकारी वही आहे. बंदी आहे दारूले.”

“बंदी जित्या माणसाले असते, भाऊ. आता तिले कोन पकडते?”

मधुकर उठून बाहेर गेला. ग्रामसेवकाने टाक दौतीत बुडवला आणि मी सांगितलं ते लिहिलं. शाई वाळेपर्यंत मी तिथून हलले नाही.